माणूस वगळलेला तलाव

तलावावर माणूस नको, असं मी बरीच वर्षं ठामपणे म्हणत आलो. पक्षी सप्ताहात शाळांमधून बोलायला गेलो की शेवट ठरलेला असायचा: पाणी आणि पाखरं एवढंच ठेवा, बाकी सगळं बाहेर काढा. जाळी नकोत, डोंगे नकोत, गाळपेर नको, म्हशी नकोत. आता मी हे म्हणत नाही, बरंचसं याच्या उलट म्हणतो. मत कसं बदललं ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण माझं ऐकून ज्या मुलांनी दुर्बिणी हातात घेतल्या त्यातली काही आता कर्ती झाली आहेत आणि तेच जुनं मत माझ्या नावावर सांगत असतात.

मी राहतो तो गोंदिया जिल्ह्याचा दक्षिण भाग, झाडीपट्टीचा. इथे तलाव शोधावा लागत नाही. गाव आलं की पाळ दिसते आणि पाळ चढली की पाणी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे सहा-सात हजार तलाव आहेत. कागदोपत्री त्यांचं नाव माजी मालगुजारी तलाव, बोलण्यात मामा तलाव. बहुतेक कोहळी समाजाने बांधलेले. गोंड राजवटीत जो तलाव बांधेल त्याला त्याच्या ओलिताखालची जमीन मिळे, आणि कोहळ्यांना उताराची, मातीची आणि पाण्याची जाण अशी होती की त्यांच्या मातीच्या पाळी दोनशे-तीनशे वर्षांनंतरही उभ्या आहेत. नवेगाव बांधचा तो विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळ्यांचा. सात डोंगरांच्या मधल्या फटी त्यांनी पाळींनी सांधल्या आणि त्यातून अकरा चौरस किलोमीटरचं पाणी उभं राहिलं. ते आज व्याघ्र प्रकल्पाच्या नकाशात आहे. पण बांधलं ते धानासाठी.

ही माहिती मला पहिल्यापासून होती. मारुती चितमपल्लींची पुस्तकं वाचूनच मी नोकरीसाठी हा भाग मागून घेतला होता. चितमपल्ली नवेगावला वनाधिकारी होते, आणि त्यांच्या लिखाणात माधवराव पाटील डोंगरवार किती ठिकाणी येतात हे वाचकांना ठाऊक आहे. पक्ष्यांच्या सवयी, माशांची नावं, पाण्यातल्या वनस्पती, सारं त्या एका गावकऱ्याला अवगत. मी मात्र त्या पानांतून पाखरं तेवढी टिपून घेतली. पाटील, कोहळी, मासेमारी करणारे ढिवर हे मला त्या जगाची पार्श्वभूमी वाटायचे. जंगल आणि पाणी हे खरं, माणूस त्यावर पडलेला डाग, अशी माझी त्या वेळची समजूत. शहरातून निसर्गाकडे आलेल्या पुष्कळांची ती असते. तिच्यात प्रेम खोटं नसतं, म्हणून ती सोडायलाही वेळ लागतो.

माझ्या मताला पहिला तडा गेला तो तलावावर नाही, एक अहवाल वाचताना. भरतपूरचं केवलादेव. राष्ट्रीय उद्यान जाहीर झाल्यावर 1982 मध्ये तिथे म्हशींच्या चराईवर बंदी आली. डॉ. सालिम अलींसारख्या थोर पक्षितज्ज्ञांचाही तिला पाठिंबा होता. पिढ्यानपिढ्या तिथे गुरं नेणाऱ्या गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनेच केलेल्या दहा वर्षांच्या अभ्यासातून निघालं ते असं: म्हशी गेल्यावर पास्पालम नावाचं गवत उथळ पाण्यात बेसुमार माजलं, मोकळं पाणी गुदमरलं आणि बदकांना, हंसांना जागा उरली नाही. म्हशी त्या पाणथळीचा भाग होत्या. ज्या संस्थेशी सालिम अलींचं नाव कायमचं जोडलेलं आहे, तिनेच हे तपासलं आणि छापलं. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला आजही आदर वाटतो. तरी वाचून झाल्यावर मी स्वतःला समजावलं की भरतपूर वेगळं, आमचे तलाव वेगळे.

वेगळे आहेतच. पण ज्या दिशेने मी समजत होतो त्या दिशेने नाहीत.

इथली नोव्हेंबरअखेरची सकाळ सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कार्तिक सरत आलेला असतो. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर झाडीपट्टीची नाटकं चालतात. पहाटे पाचला मोटारसायकल काढावी तर रस्त्यात नाटक सुटून परतणारी माणसं भेटतात, डोक्यावरून घोंगडी नाहीतर चादर घेतलेली, बायका लेकरांना कुशीत धरून भराभर चालणाऱ्या. विदर्भाची थंडी कोरडी आणि कडक. गाडीवर बोटं वाकेनाशी होतात. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत कापलेल्या धानाच्या कडपा पडलेल्या, कुठे पुंजणे रचलेले. त्यांचा ओला, गोडसर वास थंडीत आणखी दाट येतो. गाडी गावाबाहेर लावायची आणि पाळ चढायची. पलीकडे काहीच दिसत नाही. पाण्यावर छातीइतकं धुकं. पण आवाज असतो. अडईची ती बारीक शिटी आधी. त्या रात्रभर बांध्यांत सांडलेलं धान खाऊन पहाटे तलावावर परततात. मग धुक्याच्या आतून वारकरी पाखरांची पाण्यावर धावतानाची फटफट, टिबुकलीची खिदळ, आणि कधी चक्रांग बदकांचा थवा डोक्यावरून जातो तेव्हा हवा फाडल्यासारखा येणारा पंखांचा आवाज. हे कान देऊन ऐकताना मला थंडी आठवत नाही. आजही नाही.

साडेसहाच्या सुमाराला सूर्य वर येतो, धुकं उठायला लागतं आणि तलाव कडेपासून आत असा उलगडत जातो. आधी चिखल. त्यावर पाणलावे आणि तुतारी. मग वीतभर पाणी, तिथे चक्रांग आणि थापटे, थापट्यांची ती रुंद चोच पाण्यात सतत चाळत असलेली. त्यापुढे तलवार बदकं शेपूट आकाशाकडे करून उलटी. कमळाच्या पानांत काणूक, आपल्या बदकांतली सर्वांत लहान, आणि ही पाहुणी नव्हे, इथेच झाडाच्या ढोलीत अंडी घालणारी. अगदी आत, खोल पाण्यात, केशरी डोक्याच्या मोठ्या लालसरी. जी हिवाळी बदकं मध्य आशिया आणि सायबेरियाकडून आलेली असतात, त्यांनी आपापली खोली धरलेली असते. चक्रांगाची मान आखूड, ते वीतभर पाण्यातलंच खाऊ शकतं. तलवार बदकाची मान लांब, ते हातभर पोचतं. लालसरी बुड्या मारते. म्हणजे तलावात किती पाणी आहे यापेक्षा कोणत्या खोलीचं पाणी किती जागेवर पसरलंय, यावर बदकांचा हिशेब असतो.

हे पुस्तकी ज्ञान मला होतं. ती उथळ कड तिथे आली कशी, हा प्रश्न मात्र मी कधी केला नव्हता.

तो एका ढिवर काकांनी माझ्याकडून करून घेतला. काका त्या गावच्या मासेमारी सोसायटीचे जुने सभासद. पाळीखाली त्यांची शेकोटी असायची आणि मी स्कोप लावून बसलो की ते विड्या ओढत मला पाहायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, काका, डोंगा आत्ताच नका ना घालू, पाखरं उडतील. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. म्हणाले, “उडत नाही जी. पाहा तुमी.” आणि डोंगा पाण्यात लोटला. मी पाहत राहिलो. डोंगा जवळ आला तशी बदकं थोडी बाजूला सरकली, डोंगा गेल्यावर पुन्हा आपल्या जागी आली. एका लालसरीने मान वर करून पाहिलं आणि बुडी मारली. अर्ध्या तासाने पाळीवर एक मोटार थांबली, दोघे कॅमेरे घेऊन उतरले, दार बंद केल्याचा आवाज झाला आणि सगळा तलाव उठला. रोज त्याच वेळी, त्याच चालीने येणारा माणूस त्या पाखरांच्या ओळखीचा होता; आम्ही नव्हतो.

पुढे काकांशी बोलणं वाढलं. त्यांच्याकडून कळलं की ऑक्टोबरात धानाला शेवटचं पाणी द्यायला तुडुम, म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं दार, उघडतात तेव्हा तलाव रोज थोडा थोडा आटतो आणि रोज नवी कड उघडी पडते. बदकं येतात ती नेमकी याच वेळी. शेतकऱ्याने पाणी उचललं नाही तर तलाव काठोकाठ उभा राहील, आणि चक्रांगाला चरायला वीतभर पाणीच मिळणार नाही. उन्हाळ्यात तलावाचं पोट उघडं पडे तेव्हा लोक गाळ काढून शेतात नेत, काठावर नांगर फिरे, गुरं चरत. त्यामुळे बेशरम माजत नसे. बेशरम हे बाहेरून आलेलं झुडूप. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, मासा त्यात अंडी घालत नाही, पाखराला त्यात खायला काही नाही. आज कित्येक मामा तलावांची कड या एका झुडपाने गिळली आहे.

“पाणी नुसतं असून काय होते?” काका एकदा म्हणाले. “त्यात चारा पाह्यजे. मासोळीले बी, पाखराले बी.”

चारा म्हणजे पाण्यातल्या वनस्पती. पाण्याखाली वाढणारी हायड्रिला, काठचं देवधान म्हणजे रानटी भात, कमळं, कुमुदं. मलीन बदक हा पाला खातं, आणि तो खोलातून आणता येत नाही म्हणून बुडी मारून वर आलेल्या वारकऱ्याच्या चोचीतून हिसकावून घेतं. हे मी डोळ्यांनी किती वेळा पाहिलंय. मोठी लालसरी तर जवळजवळ पाल्यावरच जगते. आणि हाच पाला मरळीसारख्या देशी माशांना लपायला, वाढायला लागतो. तलावांत रोहू-कतल्याचं बीज सोडायला लागल्यापासून ठेकेदारांना पाला म्हणजे जाळ्यातली अडचण वाटू लागली. गवत खाणारा परदेशी मासाही काही ठिकाणी सोडला गेला. पाला गेला, देशी मासा गेला, लालसरी कमी झाली. मी इतकी वर्षं लालसरी कमी होण्याचं खापर ढिवरांच्या डोंग्यांवर फोडत होतो, आणि ढिवरांच्या घरातही तोच तोटा झाला होता.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने या भागात ढिवरांच्या संस्थांसोबत जे काम केलं ते मी त्यानंतर नीट समजून घेतलं. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटायची, तलावाचं पोट नांगरायचं आणि पावसाच्या तोंडावर देशी पाणवनस्पती लावायच्या. कोणती कुठे, किती पाण्यात, हे ठरवणारे ढिवरच होते, आणि या कामात ढिवर बायकांचा हात मोठा. मासे परतले, पाखरंही परतली. पाखरांसाठी काम केलं म्हणून परतली असं नाही. माशांसाठी केलेल्या कामात त्यांचंही भागलं.

आणि मग माझ्या आवडत्या कल्पनेतला तलावही मला पाहायला मिळाला. तालुक्याच्या गावाजवळचा एक तलाव ‘सुधारला’ गेला. गाव सांगत नाही. गाळ काढायच्या नावाखाली यंत्रं लावून तो खोल केला, कडेने सरळ उभं दगडी अस्तर, वर फिरायची वाट, दिवे, कुंपण. मासेमारी बंद, शिंगाडा बंद, गुरं बंद. पाणी अगदी नितळ. मी जसं म्हणायचो तसंच: पाणी आणि पाखरं, बाकी बाहेर. त्या हिवाळ्यात थंडीच्या एका सकाळी मी आधी मामा तलावावर गेलो आणि उन्हं चढल्यावर या तलावावर. पहिल्या ठिकाणी जाळी होती, धुणं होतं, शिंगाड्याचे वेल होते, पाळीवर गुरं होती आणि बदकांनी पाणी काळं झालेलं होतं. दुसऱ्या ठिकाणी मधोमध दोन पाणकावळे आणि कडेला एक टिबुकली. कड उभी असली की उथळ पाणी नाही, ते नाही म्हणजे चारा नाही, चारा नाही म्हणजे बदक नाही. कुंपणाने यातलं काहीच दिलं नव्हतं. तिथे कठड्याला टेकून उभा असताना फार वाईट वाटलं, कारण तो तलाव मला पूर्वी माहीत होता. तिथे मी पहिल्यांदा काणूक पाहिली होती.

हे सगळं लिहिताना माणसाची बाजू मी उजळून सांगतोय असं कुणाला वाटेल, म्हणून ज्या गोष्टींबद्दल माझं मत तसूभरही बदललेलं नाही त्याही सांगतो. पाखरं पकडायला रात्री लावलेली बारीक नायलॉनची जाळी. विष घालून मासे मारणं, ज्यात पाखरंही मरतात. पर्यटनासाठी सोडलेल्या मोटरबोटी. त्या ओळखीच्या होत नाहीत, कारण त्यांना ना ठरलेली वेळ ना ठरलेला मार्ग. याविरुद्ध मी आधीही बोललो आणि पुढेही बोलेन. फरक एवढा, की पूर्वी मी त्यासाठी फक्त वनखात्याकडे जायचो, आता आधी सोसायटीत जातो. रात्री जाळी कोण लावतं हे त्यांना माहीत असतं, आणि आपल्या तलावात विष टाकलेलं त्यांना माझ्याइतकंच, खरं तर माझ्याहून जास्त, सलतं.

सारसाचं उदाहरण तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत, आणि अलीकडच्या गणनांत ती संख्या चाळिशीच्या आतच आहे. तो घरटं करतो धानाच्या बांधीत नाहीतर तलावाच्या उथळ काठावर. ‘सेवा’ संस्थेची मंडळी गणना करतात ती शेतकऱ्यांना बरोबर घेऊन, कारण घरटं कुणाच्या बांधीत आहे हे त्या शेतकऱ्याला पहिल्यांदा कळतं आणि ते राखणं त्याच्या हातात असतं. कुंपण घालून सारस वाचवायचा तर कुंपणाच्या आत सगळी धानशेती घ्यावी लागेल.

ज्या मालगुजारीवरून या तलावांना नाव मिळालं, ती जमीनदारी 1950 च्या कायद्याने गेली. ती जायलाच हवी होती; तिच्यातला जुलूम इथले म्हातारे अजून सांगतात. पण तलाव गावाच्या हातून सुटून सरकारी दप्तरात गेले, आणि पाळीची, तुडुमाची, गाळाची जी कामं गाव आपली समजून करत होतं ती कुणाचीच राहिली नाहीत. माझं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: मामा तलावावरची बदकं वाचवायची असतील तर ढिवरांचा मासेमारीचा आणि शेतकऱ्यांचा पाण्याचा हक्क पक्का करावा लागेल, कारण त्या उथळ कडेची गरज असलेली माणसं तीच आहेत. आम्हा पक्षीनिरीक्षकांना ती कड हिवाळ्यापुरती हवी असते. त्यांना बारा महिने.

यावर माझे काही जुने सोबती नाराज आहेत. एकाने विचारलं, उद्या ढिवरांनीच पाला काढून टाकायचं ठरवलं तर? प्रश्न रास्त आहे. ठेक्याची रक्कम वाढली आणि कर्ज फेडायचं असलं की सोसायटीही झटपट वाढणाऱ्या माशाकडे वळते, हे मी पाहिलंय. म्हणून ठेका किती वर्षांचा आणि किती रकमेचा, हा मला आता पक्ष्यांचा प्रश्न वाटतो, आणि पूर्वी ज्या कागदांकडे मी ढुंकूनही पाहत नसे ते मी समजावून घेतो.

यंदा काकांच्या तलावाचंही खोलीकरण मंजूर झालं आहे. पाणी जास्त साठेल म्हणून काही शेतकरी खूश आहेत, आणि उन्हाळी धानासाठी त्यांना पाणी हवंय हे खोटं नाही. ग्रामसभेत सोसायटीने मागणी ठेवली की पाळीजवळचा भाग हवा तेवढा खोल करा, पण आराजीकडचा, म्हणजे जिथून पाणी आत येतं तो उताराचा भाग यंत्राने खोदू नका, तिथली फक्त बेशरम काढा. मी नोंदवह्यांतून काढलेली माहिती बरोबर नेली होती: कोणत्या महिन्यात कोणती बदकं, तलावाच्या कोणत्या बाजूला. वाचून दाखवली. एका शेतकऱ्याने विचारलं, पाखरांनी आमचं धान खाल्लं तर त्याचं काय? मी सांगितलं की हिवाळी बदकं बहुतेक कापणीनंतरच बांध्यांत उतरतात आणि सांडलेलं वेचतात. अडई मात्र उभ्या पिकातही शिरते, ते मी नाकारत नाही. त्यावर बरीच चर्चा झाली. ठराव लिहिला गेला आहे, अभियंता जागा पाहायला यायचा आहे, आणि त्या दिवशी सोसायटीच्या लोकांबरोबर मी तलावावर हजर राहणार आहे.